मोडलेल्या मनगटाला झेपेल असं पिस्तूल

आप्पा,

तुमच्या पणतीनं पिस्तूल घेतलं. तुमच्यासारखं भिंतीला टांगायला नाही, कमरेला लावायला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं तोंड आठवायचं तर आधी बंदूक आठवावी लागते, मग तिच्यामागं कुठंतरी तुम्ही दिसता. बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेले, मिशीला पीळ, नि ती दुनळी मांडीवर आडवी, बाळंतिणीनं पोर घ्यावं तशी. आम्हा पोरींना तुम्ही कधी असं मांडीवर घेतल्याचं आईला सुद्धा आठवत नव्हतं, नि आईला सगळं आठवायचं. चौथीतनं तुम्ही मला शाळेतनं काढलंत, म्हणून अक्षर असं आहे. वाचायला त्रास झाला तर सोसा. आम्ही सोसलं.

मी अमेरिकेत अ‍ॅशबर्नला मुलाकडं असते. नात जन्मली तेव्हा तिला सांभाळायला म्हणून आले नि राहूनच गेले. आजूबाजूला खिडक्या नसलेल्या अवाढव्य इमारती आहेत, त्यांत माणसं नाहीत, नुसते कॉम्प्युटर गार हवेत बसलेले असतात. मुलगा त्यांचीच राखण करतो, म्हणजे तुमचंच काम, फक्त त्याला बंदूक दिलेली नाही. नात जनावरांच्या दवाखान्यात काम करते. मराठी समजते तिला, मोडकंतोडकं बोलते, वाचता येत नाही. तिचं लग्न आम्हीच जमवलं. पुण्याचा मुलगा, इथं व्हिसावर आलेला, गोरा, हळू बोलणारा, दिसेल त्याच्या पाया पडणारा. पाया पडताना माणूस खाली बघतो, त्याचे डोळे दिसत नाहीत, हे सोयीचं असतं. लग्नाला दोन वर्षं होत आली नि त्यानं तिचं डावं मनगट पिळून मोडलं. दवाखान्यात तिनं सांगितलं, गाडीच्या दारात हात सापडला. दिवसभर कुत्र्यामांजरांचे एक्स-रे बघणारी पोरगी ती. सापडलेलं हाड कसं मोडतं नि पिळलेलं कसं, तिला ठाऊक नव्हतं होय? प्लास्टर निघालं त्या दिवशी ती घर सोडून निघाली नि स्वतःचा फ्लॅट घेतला. मग तो तिच्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायला लागला. उतरायचा नाही, बोलायचा नाही. नुसता बसायचा. काच वर करून.

एका शनिवारी ती मला म्हणाली, "आजी, चल ना, ड्राइव्हला जाऊ." ड्राइव्ह संपली ती बंदुकांच्या दुकानाशी. आत बघाल तर सराफाचं दुकान वाटेल, काचेखाली मखमल, मखमलीवर पिस्तुलं ओळीनं निजलेली. गल्ल्यावरच्या माणसानं तिला बघितलं, माझं पातळ बघितलं, नि एक इवलंसं गुलाबी मुठीचं काढून पुढं ठेवलं. लेडीजसाठी बेस्ट, पर्समध्ये मावतं, म्हणाला. मी नातीला म्हटलं, "विचार त्याला, हे झाडायला आहे का ओटीत घालायला."

"आजी, बी नाइस," ती म्हणाली. पण हसली. कैक दिवसांनी हसली, म्हणून मी पुढंही वाईट वागायचं ठरवलं.

दुसऱ्या टोकाला एक गोरी बाई होती, माझ्याहून थोडी लहान, पांढरी वेणी, कमरेला स्वतःचं पिस्तूल, आपल्याकडं किल्ल्यांचा जुडगा असतो तसं. तीच पुढच्या रेंजवर शिकवते. तिनं त्या माणसाला नुसत्या मानेनं बाजूला केलं नि नातीला विचारलं, कशासाठी हवं. नात म्हणाली, अंगावर बाळगायला, नि नेम शिकायला. "कुणापासून?" असं बाईनं विचारलं नाही. डावा हात बघितला फक्त, तो नात अजून पोटाशी धरून चालते. मग बोलत गेली नि नात मला अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगत गेली. इवलंसं घेऊ नकोस. हलकं पिस्तूल हाताला झटका जोरात देतं, जड असलं की झटका स्वतःच्या अंगावर घेतं. माणसांच्या उलट आहे हे, मी म्हटलं. लांब नळीचं असलं तर नेम चांगला बसतो, पण सदऱ्याखाली लपत नाही. आखूड असलं तर लपतं, पण शिकाऊ माणसाचा नेम भरकटतो. दोन्ही कामं एकाच्यानं करायची तर मधलं घ्यायचं. ज्या कंपनीचं पोलीस वर्षानुवर्षं वापरतात असं घ्यायचं, ज्याची स्प्रिंग नि मॅगझिन कुठल्याही दुकानात मिळतं. नक्षी नको, रंग नको. नि पर्समध्ये तर कधीच नको. पर्स त्यानं हिसकावली की पिस्तूल त्याचं झालं. कमरेला, पक्क्या होल्स्टरमध्ये, चाप पूर्ण झाकलेला.

हे पिस्तूल तुमच्या दुनळीसारखं नसतं, आप्पा. मुठीत मॅगझिन घालायचं, त्यात काडतुसं एकावर एक. वरचा लोखंडी भाग मागं ओढून सोडला की पहिली गोळी नळीत जाते. त्या भागाला स्लाईड म्हणतात. पुढं प्रत्येक गोळीला चाप आपणच ओढायचा, पण रिकामं टरफल बाहेर फेकायचं नि पुढची गोळी वर आणायची ते काम स्लाईड आपणहून करते. एवढंच काय ते ऑटोमॅटिक. अडचण होती ती पहिल्या ओढीची. ती स्लाईड डाव्या हातानं ओढावी लागते. नातीनं एक हातात घेतलं, ओढलं, अर्ध्यात तिचं तोंड पांढरं पडलं नि स्लाईड परत पुढं गेली. दुसरं घेतलं, तेच. तिसऱ्याला तिनं दात खाल्ले. मी मांडीवर पिशवी धरून स्टुलावर बसलेली, नि मनात त्या पुण्याच्या पोराच्या खानदानातल्या एकेकाचा उद्धार करत होते.

बाई काचेच्या अलीकडं आली. म्हणाली, ओढू नकोस. वरचा हात नुसता घट्ट धर, त्याला काम देऊ नकोस. खालचा हात पुढं ढकल, दार ढकलल्यासारखा. नि मऊ स्प्रिंगचं एक वेगळं पिस्तूल तिच्या हातात दिलं, नऊ एमएमचं, मधल्या मापाचं, काळं, दिसायला अगदी दळभद्री. नातीनं ढकललं. खट्ट झालं. तिनं परत केलं. परत खट्ट. मग नळीच्या टोकावर नेम धरायला माशी असते, तिच्यावर बाईनं एक नाणं ठेवलं नि म्हणाली, रिकाम्या पिस्तुलाचा चाप असा ओढ की नाणं पडणार नाही. पहिल्यांदा पडलं. नंतर पडलं नाही. रेंजवर तेच भाड्यानं घेऊन तिनं चालवून बघितलं, नि मगच घेतलं. घेण्याआधी सरकार माणसाची माहिती काढतं इथं, कुठं गुन्हा केलाय का, कुणाला मारलंय का. पिस्तूल द्यायच्या आधी इतकं बघतात. पोरगी द्यायच्या आधी आम्ही पत्रिका बघितली होती.

आता तुमचं बघू. तुम्ही परड्यात बसलाय. दुपार आहे. गजाला चिंधी बांधून दुनळीच्या नळ्या आतनं पुसताय, तेलाचा वास चुलीपर्यंत येतोय, आई भाकरी थापतेय, मी पीठ चाळतेय. परसदारानं आक्का, तुमची थोरली, सासरहून येते. पुढच्या दारानं आली असती तर लोकांनी बघितलं असतं. डोळ्याखाली काळंनिळं, चोळीची बाही फाटलेली, पायात वहाण नाही. ती चुलीपाशी बसते नि आईनं थापलेली भाकरी नुसती बघत राहते. तुम्ही चिंधी बदललीत. दुसरी नळी पुसून झाल्यावर उठून आत आलात नि तिला म्हणालात, "जेव आणि चल. बाहेर पडायचं ते तिरडीवरनं, पायांनी नाही." आई म्हणाली, "अहो, दोन दिस राहू द्या." तर तिला म्हणालात, "तू भाकरी थाप."

नि स्वतः सोडायला गेलात. बँकेत ड्यूटी होती ना, वाटेवर होतं ते गाव. खाकी घातली, खांद्याला बंदूक लावली, नि एसटीत तिच्या शेजारी बसलात. लोकांना वाटलं असेल, काय लेकीची इज्जत आहे, बाप बंदूक घेऊन पोचवायला निघाला. आक्कानंच मला मागाहून सांगितलं होतं तिथं काय झालं ते. बंदूक बघून तिच्या सासऱ्याला घाम फुटला. खुर्ची दिली तुम्हाला, फुलपात्रात पाणी, मग चहा. जावई भिंतीला चिकटून उभा. एक शब्द बोलला असतात तर पुरे होता, आप्पा. नुसती बंदूक खांद्यावरनं मांडीवर घेतली असतीत तरी झालं असतं. तुम्ही चहा पिऊन त्यांना म्हणालात, "पोरगी तोंडाळ आहे आमची. सांभाळून घ्या." तिथनं त्यांचा घाम वाळला तो कायमचा. पुढच्या दसऱ्याच्या आत आक्का विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले. जन्मभर पाणी ओढलेल्या बाईचा पाय. तुम्ही ते मान हलवून ऐकून घेतलंत, नि त्या दसऱ्याला बंदूक पाटावर मांडून झेंडूचा हार घातलात.

काय केलं हो त्या बंदुकीनं कधी? वानरं हाकलली. धाकट्या भावाच्या वरातीत आभाळात दोन बार काढलेत, आभाळ काय पळून जाणार होतं. पिसाळलेल्या कुत्र्याला मारायला गेलात तर कुत्रं शेतात गेलं नि तुमच्या गोळीनं कुणाची तरी म्हैस लंगडी झाली. मी एकदा, लहान होते, तिच्या दस्त्याला नुसता हात लावला तर कानशिलात दिलीत नि म्हणालात, "बाईच्या हातानं हत्यार बाटतं." एवढीच एक शिकवण बंदुकीबद्दल तुम्ही मला दिलीत. ती मी इथपर्यंत घेऊन आले, नि तिचं काय झालं ते सांगते.

माझ्या मुलाला पिस्तूल आवडलं नाही. तो तुमच्यावर गेलाय, फक्त मिशी नाही. म्हणाला, "आई, इथल्या बातम्या बघतेस ना? घरात गन म्हणजे आपलंच कुणीतरी मरतं."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "कोण, ते ठरवायला घेतलीय."

"तो सॉरी म्हणतोय. काउन्सेलिंगला येतो म्हणतोय. महाराष्ट्र मंडळात सगळे विचारतात, मी काय सांगू?"

"सांग, हात मोडला होता, जुळलाय."

सुनेचं नि माझं कधी पटत नाही, पण या बाबतीत ती माझ्या बाजूला उभी राहिली, न बोलता, जेवणाची ताटं जरा जोरात ठेवून. तर मुलानं काय करावं? दसऱ्याला त्या जावयाला परस्पर बोलावलं. दसऱ्याला वैरी सुद्धा सोनं देतात, हे त्याचं शास्त्र. आम्हाला सांगितलं नाही.

खंडेनवमी नि दसरा आम्ही सुट्टी बघून एकाच दिवशी करतो. पाटावर मी सगळं मांडलं होतं, माझी विळी, मुलाचा लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या, नातीची जनावरं तपासायची नळी. नि मी नातीला म्हटलं, तुझं हत्यार पण ठेव. ती नको म्हणत होती. मग माझ्याकडं बघून हो म्हणाली. मॅगझिन काढून वर खोलीत ठेवून आली, नळी रिकामी असल्याचं मला बोट घालून दाखवलं, नि स्लाईड मागं ओढून तशीच अडकवून ठेवली. बाईची शिस्त आहे ती, पिस्तूल खाली ठेवायचं तर असं उघडं ठेवायचं, म्हणजे रिकामं आहे हे लांबनं कुणालाही दिसावं. तर ते तोंड उघडून पाटावर निजलेलं, नि मी त्याच्यावर हळद वाहिली, ओलं कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. बाईच्या हातानं. तुमच्या नाकावर टिच्चून.

तेवढ्यात बेल वाजली. मुलानं दार उघडलं नि तो आत आला. हातात मिठाईचा डबा, आयसेलिनच्या आपल्या लोकांच्या बाजारातनं आणला होता म्हणे, नि आपट्याऐवजी इथल्या एका झाडाची बदामाच्या आकाराची पानं. माझ्या पायाशी वाकला. मी पाय मागं घेतले, म्हणून तो मोकळ्या फरशीला नमस्कार करून उभा राहिला. उभा राहताना पाट दिसला.

"आजी, हे काय?"

"पूजा."

"खरं आहे?"

"खोट्याला कुंकू कोण लावतं."

तो मुलाकडं वळला. "बाबा, धिस इज क्रेझी." मुलगा पानं हातात धरून उभा. नात जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबलेली, उजवा हात कठड्यावर. मी पाटाशेजारी बसलेले होते, उठले नाही. म्हटलं, "तिचं डावं मनगट तू मोडलंस. उजवं राहिलंय. नि हे उजव्या हातानं चालतं." त्यानं हसायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "बस की. तुझ्यासाठी पण एक पाट मांडते. हार संपलेत, पण तुला घालायचा झाला तर तुझ्या आईला कळवू, ती आणेल." हे बोलताना माझा आवाज चढला नाही. थंड बोलता येतं मला, ते कुठनं आलं हे तुम्हाला सांगायला नको. तो डबा ठेवून गेला. मिठाई चांगली होती. मी खाल्ली, मिठाईनं काय केलंय.

मला वाटलं, पोरगी खाली येऊन गळ्यात पडेल. ती खाली आली ती रागानं लाल. "आजी, इट वॉजन्ट ईव्हन लोडेड."

"त्याला काय ठाऊक."

"एक्झॅक्टली. आता त्याला वाटणार मी त्याला थ्रेट केलं. पोलिसांना सांगेल तो. पहिला रूल आहे, कुणाला घाबरवायला काढायचं नाही. हे माझं आहे, आजी. तुझं भांडण कुणाशी आहे मला माहीत नाही, पण ते याच्यानं नको करू." टिश्यूनं तिनं वरवरचं कुंकू पुसलं, स्लाईड सोडून दिली, नि पिस्तूल घेऊन आपल्या फ्लॅटवर गेली. तुमच्या घरात असं बोलली असती तर कानशिलात बसली असती. इथं मीच पाटावरची फुलं गोळा करत बसले.

पुढं ती रोज ते कमरेला लावून कामाला जात होती. भरलेलं, परवाना काढून, कायद्यानं. एका संध्याकाळी ती दवाखान्यातनं बाहेर पडली तर तो गाडीत बसलेला नव्हता, तिच्या गाडीला टेकून उभा होता. ती दहा-बारा हातांवर थांबली. उजवा हात सदऱ्याच्या काठाखाली नेला, पण काढलं नाही. "बाजूला हो," म्हणाली, इंग्रजीत, मोठ्यानं, दवाखान्याच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं. तो एक पाऊल पुढं आला. म्हणाला, आजीनं माझा अपमान केला, तू ऐकून घेतलंस. आणखी एक पाऊल आला. तेवढ्यात आपलं कुत्रं घेऊन एक थोराड माणूस दवाखान्यातनं बाहेर आला, तिथंच थांबला नि बघायला लागला. तसा पुण्याचा पोरगा आपल्या गाडीत बसून निघून गेला. दुसऱ्या दिवशी ती कोर्टात गेली, तिथनं त्याच्यावर ऑर्डर लागली, तिच्या आसपास फिरकायचं नाही. ऑर्डरीचं त्याच्या कंपनीत कळलं, नि व्हिसाच्या भीतीनं म्हणा, लाजेनं म्हणा, तो बदली मागून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला गेला. तिथं हिवाळाभर पाऊस असतो म्हणे. कुजू दे.

रविवारी तिनं मला रेंजवर नेलं. भांडण झाल्यापासून पहिल्यांदा. कानाला मोठ्या वाट्या लावतात, डोळ्याला चष्मा, नि लांब गल्लीच्या टोकाला कागदाचा माणूस टांगलेला. तिनं पहिली गोळी झाडली, कागदाच्या खांद्याला लागली. दुसऱ्यांदा चाप ओढला, तर काही नाही. नुसतं मेल्यासारखं. स्लाईड पुरती पुढं येऊन मिटलीच नव्हती, बोटभर अडकलेली. तिनं परत प्रयत्न केला, परत तेच. वेणीवाली बाई आली, नळी पुढं ठेवूनच पिस्तूल तिच्या हातातनं घेतलं, रिकामं केलं, उघडलं, नि आतलं बघून थांबली. करंगळीनं लाल चिखल काढला. म्हणाली, "हे रक्त आहे का?"

"कुंकू," मी म्हटलं. एवढा शब्द तिला कळला नाही, पण चिखलात मळलेला तांदळाचा दाणा कळला. मग दुसरा. अक्षता, आप्पा. उघड्या तोंडात मीच वाहिलेल्या. तेलात कुंकू कालवून त्याचं कसलंसं पीठ झालेलं, नि त्यात दाणे रुतलेले. बाईनं नातीला विचारलं, हे असं कधीपासून आहे? नात माझ्याकडं बघत नव्हती. समोरच्या कागदाकडं बघत होती, नि मला कळलं ती काय मोजतेय ते. तो गाडीला टेकून उभा होता ती संध्याकाळ. त्यानं टाकलेली दोन पावलं. कुत्रंवाला माणूस आला नसता नि तिच्यावर वेळ आली असती, तर एक गोळी सुटली असती, खांद्याला लागली असती, नि त्यापुढं तिच्या हातात नुसता लोखंडाचा तुकडा राहिला असता, नि समोर चिडलेला, जखमी, तिच्याहून हातभर उंच माणूस.

बाई रागावली नाही. टूथब्रशनं सगळं घासून काढलं, पुसलं, तेलाचा थेंब सोडला. फक्त म्हणाली, याला काही खायला घालायचं नसतं. नि नातीला म्हणाली, पुसायचं ते आतनं, रोज अंगावर बाळगतेस तर रोज उघडून बघायचं, हे मी शिकवलं होतं. पोरगी मान खाली घालून हो म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून तिनं वरवर पुसलं होतं. जास्त घासलं तर आजीच्या पूजेचा अपमान. हे असलं मन घेऊन ती पिस्तूल बाळगणार.

नि तिथं उभं राहून मला तुमचा अंगठा दिसला. दसऱ्याला तुम्ही कुंकू लावायचात ते दस्त्याला, लाकडाला. लोखंडाला कधी नाही. अक्षता पाटावर टाकायचात, बंदुकीवर नाही. मिटलेली असायची ती. मला हे सगळं दिसत होतं, लांबनं, बायकांच्या रांगेतनं, हात जोडलेले. का, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. बायकांना काय करायचंय. तुम्ही आक्काला स्वतःच्या पायांनी नेऊन पोचवलंत, नि माझ्या नातीला माझ्या हातानं पोचवणार होतात. मेल्यावर सुद्धा हौस फिटली नाही तुमची.

मग तिनं नव्यानं सुरुवात केली. ढकललं, खट्ट. हळू चाप ओढला. एकामागनं एक सगळ्या गोळ्या कागदाच्या छातीत घातल्या, ताटलीएवढ्या जागेत. मॅगझिन संपल्यावर ती माझ्याकडं वळली नि म्हणाली, "आजी, ट्राय करणार?" आवाजात राग नव्हता. नव्हता का संपला होता, ते मी विचारलं नाही. बाईनं माझ्यामागं उभं राहून माझे हात नीट लावून दिले. जड होतं. जातं ओढताना खुंटा हातात बसतो, तसं बसलं. पहिली गोळी कुठं गेली कुणास ठाऊक. दुसरी कागदाच्या कानाला लागली. तिसरी गळ्यात. कागदावर मला त्या पुण्याच्या पोराचं तोंड दिसायला हवं होतं. मी तीन वेळा चाप ओढला नि तीनदा ते तोंड मिशीचं होतं.

तो रेडमंडला आहे म्हणजे मेलेला नाही. विमानानं एका दिवसात येतो माणूस. ऑर्डर कागदाची असते, नि कागदाची मुदत संपते. म्हणून नात रोज कमरेला लावते, नि आता दर रविवारी माझ्यासमोर स्वयंपाकघराच्या टेबलावर ते उघडते. मी शेजारी बसते. हात लावते. काही बाटत नाही.

पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. साफ करताना टेबलाला तेलाचे डाग पडतात म्हणून सून ओरडते, नि इथं घरात वर्तमानपत्र येत नाही. तेव्हा हे कागद मी खाली पसरायला देणार आहे. नातीला मराठी वाचता येत नाही, ते बरं आहे.

एक मात्र सांगते. हातात घेतल्यावर ते खाली ठेवावंसं वाटेना. बाईनं मागितलं तेव्हा मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. तुम्ही ती दुनळी मांडीवरनं का खाली ठेवत नव्हतात, ते मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणजे माफ केलं असं नाही. पण कागद पसरताना लिहिलेली बाजू वर ठेवायची, म्हणजे मुलगा-सून वाचतील, का खाली, ते काही माझं अजून ठरत नाही.